सहा ठिपक्यांचा शिल्पकार

खानदेशातील दोन प्रमुख शहरांची नावे लिहून पाहिली, तर त्यांत एक अक्षर समान आढळते. जळगाव आणि धुळे या दोन्ही नावांत ळ आहे. घरच्या अहिराणी बोलीत पुष्कळदा या ळ चा य होतो. परंतु शाळेत मराठी लिहिताना ळ लिहावाच लागतो. डोळस मुलगा वहीवर लेखणी वळवून ते अक्षर काढतो. अंध मुलाची रीत निराळी असते. तो खिडक्या असलेल्या पाटीत जाड कागद बसवितो, एका लहानशा चौकटीत टोकदार लेखणीने तीन ठिपके टोचतो, आणि कागद उलटून त्यावर बोट ठेवतो. चौकटीच्या उजव्या बाजूस एकाखाली एक असे तीन उंचवटे लागले, की त्याला ळ वाचता येतो. तेच तीन उंचवटे डाव्या बाजूस असले, तर तो ल होतो. वेल आणि वेळ, गाल आणि गाळ, यांतील भेद त्याचे बोट क्षणात ओळखते.

ही ठिपक्यांची योजना ज्याने शोधून काढली, त्याने मराठी भाषा कधी ऐकली नव्हती. तो फ्रान्स देशातील एका खेड्यात जन्मला, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी त्याने आपली लिपी सिद्ध केली, आणि तिला सरकारमान्यता मिळण्यापूर्वीच तो हे जग सोडून गेला. त्याचे नाव लुई ब्रेल.

पॅरिस नगराच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर कूव्रे नावाचे गाव आहे. ४ जानेवारी १८०९ या दिवशी लुईचा तेथे जन्म झाला. त्याचे वडील सिमों रने ब्रेल हे घोड्यांची खोगिरे व लगाम बनविणारे कसबी कारागीर होते. घरालगतच त्यांचे कामाचे दालन होते. तेथे कातड्याचे तुकडे, सुऱ्या आणि कातडे टोचण्याच्या आऱ्या मांडलेल्या असत. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. वडील काम करीत असता तो त्यांच्या पायांशी खेळत असे आणि त्यांच्या हातांच्या हालचाली कौतुकाने पाहत असे.

१८१२ साली, लुई तीन वर्षांचा असताना, एक दुर्दैवी घटना घडली. वडिलांचे अनुकरण करण्याच्या नादात त्याने एक टोकदार हत्यार हाती घेतले व तो कातडे टोचू लागला. हत्यार निसटले आणि त्याच्या डोळ्यात घुसले. त्या काळी जखम चिघळू नये यासाठी आजच्यासारखी औषधे नव्हती. दुखावलेला डोळा तर गेलाच. परंतु तेथील दाह दुसऱ्या डोळ्यातही पसरला. हळूहळू त्याच्या दृष्टीपुढे अंधार दाटू लागला, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत लुई पूर्णपणे अंध झाला.

त्या काळी गरीब घरातील अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भीक मागणे किंवा अंगमेहनतीची हलकी कामे करणे एवढेच येत असे. लुईच्या आईवडिलांनी मात्र मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. ती आपटीत तो गावातील वाटा एकट्याने तुडवू लागला. गावातील धर्मगुरू पाल्युई यांनी त्याला पाठ सांगण्यास आरंभ केला, आणि पुढे त्याला गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसण्याची अनुमती मिळाली. गुरुजींनी सांगितलेले तो लक्षपूर्वक ऐकत असे व सारे स्मरणात ठेवीत असे. परंतु इतर मुले पुस्तके उघडीत, तेव्हा लुईचे हात रिकामे राहत. ऐकलेले विसरले, तर ते पुन्हा पाहण्याचा मार्ग त्याला नव्हता. आपल्या मनातील चार शब्द तो कागदावर उतरवू शकत नव्हता. ही उणीव त्याला लहानपणापासून सलू लागली.

१८१९ च्या फेब्रुवारी महिन्यात, दहा वर्षांचा लुई पॅरिसमधील अंध मुलांच्या राजकीय विद्यालयात दाखल झाला. हे विद्यालय व्हॅलेंतिन आउई या सहृदय गृहस्थाने १७८५ च्या सुमारास स्थापन केले होते. विद्यालयाची इमारत जुनी, अंधारी व दमट होती. तेथे राहणाऱ्या मुलांची प्रकृती चांगली राहत नसे. तरीही लुईला तेथे जाण्याची मोठी उत्सुकता वाटत होती. कारण तेथे अंधांनी वाचावयाची पुस्तके आहेत असे त्याला कळले होते.

ती पुस्तके पाहून मात्र त्याची निराशा झाली. आउई यांच्या पद्धतीत डोळसांचीच अक्षरे मोठी करून ओल्या जाड कागदावर दाबीत व उठावदार करीत. एकेक अक्षर बोटाने चाचपून ओळखावे लागे. अक्षराची वळणे डोळ्याला सोपी, पण बोटाला अवघड. एक वाक्य पुरे होईपर्यंत त्याचा आरंभ विसरून जाई. पुस्तके तर इतकी जड व अवाढव्य, की ती उचलतानाही मुलांची दमछाक होई, आणि ती संख्येने फारच थोडी होती. सर्वांत मोठी उणीव ही, की त्या पद्धतीने अंध मुलाला स्वतःच्या हाताने लिहिता येत नसे. डोळसांनी आपल्या डोळ्यांना सोयीची वस्तू किंचित उचलून अंधांच्या हाती दिली होती. तीमागे सद्भाव होता. परंतु अंधांच्या बोटांना काय हवे, हे कोणी विचारले नव्हते.

१८२१ साली विद्यालयात एक नवी पद्धत आली. शार्ल बार्बिए हे तोफखान्यातील एक निवृत्त अधिकारी होते. प्रकाशावाचून वाचता येईल असे लेखन त्यांनी योजले होते. त्यात वळणदार अक्षरे नव्हती, केवळ उंचवट्यासारखे ठिपके होते. बार्बिए यांनी फ्रेंच भाषेतील छत्तीस ध्वनी घेऊन ते सहा ओळींत, प्रत्येक ओळीत सहा, असे मांडले. डाव्या उभ्या रांगेतील ठिपके ओळीचा क्रमांक सांगत, तर उजव्या रांगेतील ठिपके त्या ओळीतील ध्वनीचा क्रमांक सांगत. सहाव्या ओळीतील पाचवा ध्वनी लिहावयाचा असेल, तर डावीकडे सहा व उजवीकडे पाच, असे एकूण अकरा ठिपके टोचावे लागत. हे ठिपके टोचण्यासाठी त्यांनी पाटी व टोकदार लेखणीही तयार केली होती.

मुलांनी त्या ठिपक्यांवर बोटे ठेवली आणि त्यांना हर्ष झाला. ठिपका बोटाला जितका स्पष्ट कळतो, तितकी रेघ कळत नाही, हे त्यांना तत्काळ उमगले. बारा वर्षांच्या लुईने ती पद्धत मन लावून शिकून घेतली. परंतु ती वापरता वापरता तिच्यातील दोषही त्याच्या ध्यानात येऊ लागले. एका ध्वनीला बारापर्यंत ठिपके लागत असल्यामुळे ते सारे एका बोटाखाली मावत नसत. बोट वरखाली फिरवावे लागे व वाचन रखडे. तीत ध्वनी लिहिले जात, शुद्धलेखन नव्हे. विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते, आणि संगीताचे स्वरलेखनही नव्हते. म्हणजे तीत निरोप लिहिता येत होता. परंतु गणित, व्याकरण किंवा ग्रंथ लिहिणे शक्य नव्हते.

लुईने हे दोष बार्बिए यांच्यापुढे मांडले. ते वयाने मोठे, अनुभवी आणि मानी होते. अंधांना इतके पुरेसे आहे, अशी त्यांची समजूत होती. आपल्या पद्धतीचा पाया बदलणे त्यांना रुचले नाही. लुई नम्र होता, पण त्याने आपला शोध सोडला नाही. बार्बिए यांचे ऋण त्याने पुढे जन्मभर मान्य केले. पद्धतीचा जनक डोळस होता. तिची परीक्षा मात्र अंधाच्या बोटाने केली होती, आणि त्या परीक्षेत जे खोटे ठरले ते बदलणे लुईला भाग होते.

पुढील तीन वर्षे हा मुलगा त्या एकाच ध्यासाने भारून गेला. दिवसा अभ्यास असे. म्हणून सारे झोपी गेल्यावर किंवा पहाटे उठून तो ठिपके टोचीत बसे. सुटीत कूव्रेला गेला, तरी पाटी व लेखणी त्याच्याबरोबर असे. लेखणीचे ते टोक वडिलांच्या आरीसारखेच होते. ज्या प्रकारच्या हत्याराने त्याची दृष्टी हिरावून घेतली, त्याच प्रकारच्या साधनाने तो आता अंधांसाठी अक्षरे घडवीत होता.

१८२४ साली, पंधरा वर्षांचा असताना, त्याला हवे ते सापडले. त्याने बाराच्या जागी सहाच ठिपके घेतले : दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. ही चौकट बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावते. बोट वरखाली फिरवावे लागत नाही, केवळ ओळीवरून पुढे सरकवावे लागते. डाव्या रांगेतील ठिपक्यांना वरून खाली १, २, ३ असे क्रमांक आहेत व उजव्या रांगेतील ठिपक्यांना ४, ५, ६. प्रत्येक ठिपका एक तर उठलेला असतो किंवा नसतो. त्यामुळे सहा ठिपक्यांपासून चौसष्ट रचना होतात. त्यांतील पूर्ण कोरी चौकट वगळली, तर त्रेसष्ट उरतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि संगीतातील स्वर, हे सारे या त्रेसष्ट रचनांत बसविता येते.

लुईने ही रचना मोठ्या युक्तीने केली. पहिली दहा अक्षरे त्याने वरच्या चार ठिपक्यांतच बसविली. पुढील दहा अक्षरे तीच ठेवून त्यांना तिसरा ठिपका जोडला. त्यापुढील अक्षरांना तिसरा व सहावा असे दोन्ही जोडले. त्यामुळे पहिली दहा अक्षरे पाठ झाली, की उरलेली आपोआप ध्यानात राहतात.

१८२९ साली त्याने आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही लहान रेघाही होत्या. वापरून पाहता त्या रेघा लिहिण्यास अवघड व बोटाला संदिग्ध वाटतात, असे आढळून आले. आपलीच कृती म्हणून लुईने तिचा हट्ट धरला नाही. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने त्या रेघा काढून टाकल्या. जे तो बार्बिए यांच्याकडून अपेक्षीत होता, ते त्याने स्वतः करून दाखविले.

दरम्यान लुई त्याच विद्यालयात शिकवू लागला होता, आणि १८३३ मध्ये त्याला पूर्ण शिक्षकाचे पद मिळाले. तो व्याकरण, भूगोल, गणित व संगीत शिकवीत असे. ऑर्गन हे वाद्य तो उत्तम वाजवीत असे, आणि पॅरिसमधील एका चर्चमध्ये त्याची वादक म्हणून नेमणूक झाली होती. विद्यार्थ्यांवर त्याचे फार प्रेम होते. अडचणीत असलेल्यांना तो पैशांची मदत करी व त्याची वाच्यता होऊ देत नसे.

अंधांनी परस्परांना लिहिलेले परस्परांना वाचता येऊ लागले. परंतु घरी असलेल्या डोळस आईवडिलांना पत्र कसे पाठवावे? हा प्रश्नही लुईला स्वस्थ बसू देईना. १८३९ मध्ये त्याने ठिपक्यांनी डोळसांची अक्षरे रेखाटण्याची एक रीत प्रसिद्ध केली. त्याचा अंध मित्र फूको हा यंत्रकुशल होता. त्याने १८४१ च्या सुमारास ते लेखन जलद करणारे एक यंत्र बनविले. आता विद्यालयातील अंध मुलगा आपल्या हाताने लिहिलेले पत्र गावी धाडू शके आणि आई ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शके.

परंतु याच काळात लुईच्या लिपीवर मोठे संकट ओढवले. दमट इमारतीत राहून त्याला क्षयाची बाधा झाली होती, आणि त्याचे शरीर खंगू लागले होते. अशातच १८४० मध्ये विद्यालयाचे प्रमुखपद बदलले. आधीचे प्रमुख पिन्ये यांनी लुईच्या लिपीला उत्तेजन दिले होते. त्यांच्या जागी आलेले द्युफो यांना ती मान्य नव्हती. अंधांची लिपी डोळसांहून निराळी असली, तर अंध समाजापासून दूर पडतील, असे त्यांचे मत होते. शिवाय डोळस शिक्षकांना ठिपके वाचता येत नसत. त्यांनी उठावदार अक्षरांची नवी पुस्तके आणविली आणि ठिपक्यांच्या लिपीवर बंदी घातली.

जी वस्तू मुलांच्या अंगवळणी पडली होती, ती एका आज्ञेने काढून घेण्यात आली. पण बोटांना लागलेली गोडी आज्ञेने कशी जाणार? मुले चोरून ठिपके टोचू लागली. मोठी मुले लहानांना शिकवू लागली. ही गोष्ट साहाय्यक प्रमुख ग्वादे यांच्या लक्षात आली. एखादी वस्तू हिरावून घेऊनही मुले तिला सोडीत नाहीत, त्या अर्थी ती त्यांना खरोखरीच उपयोगी असली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी प्रमुखांचे मन वळविले. १८४३ मध्ये विद्यालय नव्या, हवेशीर इमारतीत गेले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी तिच्या उद्घाटनाचा समारंभ झाला. त्या समारंभात ग्वादे यांनी लुईच्या लिपीचा इतिहास सर्वांसमोर सांगितला, आणि मुलांनी तीत लिहून व वाचून दाखविले. लुई तेथे उपस्थित होता. वीस वर्षांपूर्वी अंधारात टोचलेले ते ठिपके त्या दिवशी प्रतिष्ठा पावले.

त्यानंतर लुईची प्रकृती अधिकाधिक ढासळत गेली. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षे पूर्ण करून दोनच दिवस झाले असता, त्याचे निधन झाले. त्याच्या सामानात एक लहान पेटी होती, आणि ती न उघडता जाळून टाकावी अशी त्याची इच्छा होती. ती उघडली तेव्हा तीत विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून घेतलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. आपल्यामागे कोणी ऋणी राहू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्समध्ये त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. इंग्लंडमध्ये मात्र अंधांसाठी अनेक लिप्या प्रचारात होत्या व प्रत्येकीचे पुरस्कर्ते आपलीच श्रेष्ठ मानीत. दृष्टी क्षीण झालेले एक डॉक्टर, थॉमस आर्मिटेज, यांनी १८६८ मध्ये यावर एक न्याय्य उपाय योजला. निवड करणाऱ्या मंडळात अंधांनाच स्थान दिले. त्यांना निदान तीन लिप्या येत असाव्यात आणि कोणत्याही लिपीपासून त्यांना पैशाचा लाभ होत नसावा, असा नियम केला. या मंडळाने ब्रेल लिपीचा स्वीकार केला. १८७८ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही तिलाच पसंती दिली. १९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सने लुईच्या अस्थी पॅरिसमधील पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात सन्मानाने नेल्या. त्याचे हात मात्र कूव्रे गावातच ठेवण्यात आले.

भारतात ही लिपी आली, तेव्हा निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या योजना निघाल्या. एका प्रांतातील ब्रेल दुसऱ्या प्रांतात वाचता येईना. अखेर १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान योजना ठरली. तीत क हे अक्षर कोणत्याही भारतीय भाषेत त्याच ठिपक्यांनी लिहितात. मराठीतील काही अडचणीही तीत सोप्या झाल्या. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, पण तिचा उच्चार नंतर होतो. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतरच येते. जोडाक्षर लिहिताना अर्ध्या अक्षराच्या आधी चौथा ठिपका देतात. जळगाव हे नाव लिहावयाचे असेल, तर ज साठी २, ४, ५. ळ साठी ४, ५, ६. ग साठी १, २, ४, ५. त्यापुढील आ साठी ३, ४, ५. आणि व साठी १, २, ३, ६ असे ठिपके टोचावे लागतात. त्याच रीतीने धुळे हे नाव चार चौकटींत लिहून होते.

आज कागदाच्या जोडीला मोबाइल आला आहे. त्याचा पडदा म्हणजे गुळगुळीत काच. तीवर बोट फिरविले, तर सारे सपाटच लागते. ही काच अंधांना उपयोगी पडावी म्हणून स्क्रीन रीडर नावाची योजना निघाली. बोटाखाली जे असेल ते ती मोठ्याने वाचून दाखविते. २००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक अशा नावांनी ती उपलब्ध झाली. मोबाइलला ब्रेल दर्शक हे उपकरण जोडता येते. त्यातील बारीक खुंट्या वरखाली होऊन पडद्यावरील मजकूर ठिपक्यांत बोटाखाली येतो. पुढे, २०१४ मध्ये आयफोनवर व २०२० मध्ये अँड्रॉइडवर, काचेवरच सहा बोटांनी ब्रेल लिहिण्याची सोय झाली. अंध विद्यार्थी सहा ठिपक्यांत लिहितो आणि दूरच्या गावी असलेल्या त्याच्या डोळस आईला तो निरोप देवनागरीत दिसतो. फूकोच्या यंत्रामागील हेतूच येथे नव्या रूपाने पुरा झाला आहे.

परंतु बार्बिए यांच्या पद्धतीप्रमाणे या साधनांतही दोष राहून जातात. पडद्यावर चित्राचे बटण असते, पण बनविणारा त्याला नाव देण्यास विसरतो. डोळस माणसाला चित्र दिसते. स्क्रीन रीडर मात्र बटण एवढाच शब्द उच्चारून थांबतो. ते पैसे पाठविण्याचे बटण आहे, की रद्द करण्याचे? चाळीसगावच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या अंध खातेदाराने ते कसे ओळखावे? कधी शाळेची सूचना छायाचित्र म्हणून येते आणि वाचलीच जात नाही. कधी मराठी मजकूर परभाषेच्या आवाजात वाचला जातो. मग वेळ चा वेल होतो आणि कान फसतो. ठिपक्यांचे देवनागरीत रूपांतर करताना जोडाक्षर तुटले, तर अर्थ बिघडतो. कधी आज नीट चालणारे साधन नवी आवृत्ती आल्यावर उद्या अडखळते.

या दोषांचा विशेष असा, की ते डोळ्यांना दिसत नाहीत. पडदा पाहणाऱ्यास सारे ठीकठाक वाटते. दोष सापडतो तो वापरणाऱ्याच्या बोटाला व कानाला. म्हणून अनेक अंध लोक आज लुईचेच काम पुढे चालवीत आहेत. कोणत्या मोबाइलवर, कोणत्या आवृत्तीत, काय केले असता काय व्हावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे ते क्रमवार लिहून निर्मात्यांना कळवितात. नुसती तक्रार हवेत विरून जाते. नेमका सांगितलेला दोष दुरुस्त करता येतो.

काही अंध व्यक्ती तर स्वतःच निर्मात्या झाल्या आहेत. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात व मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये शिकून ते अमेरिकेत गेले. तेथे १९९४ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. गणितातील सूत्रे ऐकून समजतील अशी संगणकीय योजना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे गूगल कंपनीत, सपाट काचेचा फोन डोळ्यांवाचून कसा वापरता येईल, या कामात त्यांनी महत्त्वाचा वाटा उचलला.

लुई ब्रेलच्या चरित्रातील मर्म हेच आहे. ज्याच्यासाठी वस्तू बनवावयाची, त्याच्या हातात ती देऊन पाहावी, आणि तो जे सांगेल ते लहानथोर असा भेद न करता ऐकावे. बार्बिए यांना बारा वर्षांच्या मुलाचे म्हणणे पटले नाही. ग्वादे यांनी मुलांच्या बोटांची साक्ष मानली. एका निर्णयाने लिपी अडली असती; दुसऱ्याने ती जगभर गेली. खानदेशातील एखादा अंध विद्यार्थी जेव्हा आपल्या गावाचे नाव स्वतःच्या हाताने लिहितो आणि त्यातील ळ वर बोट ठेवून ते बरोबर आले आहे याची खात्री करून घेतो, तेव्हा कोणी वाचून दाखविण्याची त्याला गरज उरत नाही. लुईने अंधांना दिलेले खरे स्वातंत्र्य ते हेच.